घरगुती अमोनिया: पीएच राहू द्या, बाटलीत वायू आहे हे आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की साफसफाईच्या अमोनियाच्या बाटलीवर 'अमोनियम हायड्रॉक्साइड' लिहिलेलं असतं, पीएचची (द्रावण आम्ल की अल्कली ते मोजायची, ७च्या वर म्हणजे अल्कली) पट्टी बुडवली तर ११-१२ दाखवते, मग हा कॉस्टिक सोड्याचाच भाऊ झाला का? काचेवर डाग न ठेवता सुकतो कसा? पाणी घालून पातळ केला की निर्धोक होतो का? आणि ब्लीचमध्ये मिसळू नका म्हणतात त्यात खरं किती? मी बरीच वर्षं क्लीनिंग लिक्विडच्या फॉर्म्युलेशनचं काम करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. कंटाळा आला तर ब्लीचचा भाग तेवढा वाचा आणि बाकीचं सोडून द्या, चालेल.

भाऊ नाही, लांबचा नातेवाईकसुद्धा नाही. कॉस्टिक सोडा हा घन पदार्थ, पाण्यात टाकला की सगळाच्या सगळा फुटतो, सोडियम वेगळं आणि हायड्रॉक्साइड वेगळं. अमोनिया हा मुळात वायू आहे, एक नायट्रोजन आणि त्याला तीन हायड्रोजन, उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे आपल्या खोलीच्या तापमानाला त्याला वायूच राहायचं असतं. पण पाण्याची त्याला प्रचंड ओढ, त्यामुळे तो भरपूर विरघळतो. घरगुती बाटलीत साधारण ५ ते १० टक्के असतो, लॅबमधला कडक असतो तो २८-३० टक्के. ५ टक्केवाली एक लिटरची बाटली घेतली तर तिच्यात जवळपास ५० ग्रॅम अमोनिया आहे आणि तो सगळा बाहेर काढला तर ७० लिटरच्या आसपास वायू होईल. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पाण्यात गेल्यावर काय होतं, तर अमोनियाचा रेणू पाण्याकडून एक हायड्रोजन आयन ओढून घेतो, स्वतः अमोनियम होतो आणि मागे हायड्रॉक्साइड राहतं. त्या हायड्रॉक्साइडमुळेच द्रावण अल्कली, त्यामुळेच पट्टी निळी. पण हे घडतं किती जणांचं? ५ टक्के द्रावणात हजार रेणूंमागे दोन किंवा तीन. बाकीचे नऊशे सत्त्याण्णव तसेच्या तसे, पाण्यात विरघळलेला अमोनिया म्हणून बसलेले. त्यामुळे लेबलवर काहीही लिहिलेलं असो, 'अमोनियम हायड्रॉक्साइड' असा पदार्थ वेगळा काढून बरणीत भरून दाखवता येत नाही, बाटलीत जे आहे ते मुख्यतः पाण्यात कोंबलेला वायू आहे. माझ्या मते एवढं एक कळलं की तुमचे बाकीचे सगळे प्रश्न आपोआप सुटतात, आणि पीएचचा आकडा धरून बसलं की सगळं उलटंपालटं कळतं.

पीएचचंच बघा. ५ टक्के अमोनियाचा पीएच हिशोबाने ११.९च्या आसपास येतो. लिटरभर पाण्यात फक्त ०.३ ग्रॅम कॉस्टिक टाकलं तरी तेवढाच पीएच मिळतो, म्हणजे चिमूटसुद्धा नाही. पण दोन्हींत अ‍ॅसिड टाकून मारायला गेलात तर ते कॉस्टिकचं पाणी लगेच संपेल आणि अमोनियाला त्याच्या जवळपास ४०० पट अ‍ॅसिड लागेल. कारण थोडं हायड्रॉक्साइड खर्च झालं की राखीव बसलेल्या रेणूंमधले आणखी काही पुढे येतात आणि भरून काढतात. नळ बारीक आहे पण मागची टाकी गच्च भरलेली आहे, असं समजा. म्हणूनच अमोनिया पातळ केला तरी पीएच फारसा हलत नाही: दहापट पाणी घातलं तर ११.४, शंभरपट घातलं तरी १०.९. कॉस्टिकमध्ये दहापट पाण्याला पूर्ण एक अंक खाली येतो. लोक पातळ करून पट्टी बुडवतात आणि म्हणतात काहीच फरक पडला नाही, तर फरक पडलाय हो, प्रत्येक लिटरमागची टाकी तेवढ्याच पटीने लहान झालीये, पट्टीला टाकी दिसत नाही.

तेलकटपणा कसा निघतो? इथे एक गैरसमज फार आहे की अमोनिया तेलाचा साबण करतो. ताज्या तेलाचा साबण करायला हायड्रॉक्साइड भरपूर आणि बऱ्यापैकी उष्णता लागते, ते काम कॉस्टिकचं, अमोनियाच्या आवाक्यातलं नाही, निदान पुसायला लागणाऱ्या दोन मिनिटांत तरी नाही. पण हाताचे डाग, अंगाचं तेल, चुलीजवळ बसून जुना झालेला चिकट थर, यात तेल तुटून तयार झालेली मोकळी फॅटी अ‍ॅसिड असतात, आणि ती अमोनियाला लगेच सापडतात, त्यांचा अमोनियम साबण होतो आणि तो साबण मग उरलेल्या तेलाला उचलायला मदत करतो. दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तो न फुटलेला, म्हणजे अमोनियम न झालेला अमोनियाचा रेणू. हायड्रॉक्साइडवर विद्युतभार असतो त्यामुळे ते तेलाच्या थरात शिरत नाही, वरच अडकतं. अमोनियाचा रेणू लहान आणि भार नसलेला, तो थरात आत घुसतो आणि थर आतून सैल करतो. बंद ओव्हनमध्ये रात्रभर वाटीत अमोनिया ठेवून सकाळी पुसायची जुनी युक्ती आहे ना, ती त्यामुळेच चालते, द्रव कुठेही न लावता नुसत्या वाफेने काजळी आणि तेल सैल होतं. फक्त ओव्हन पूर्ण थंड हवा, गॅसचा असेल तर आतली छोटी ज्योत बंद हवी, कारण हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेटू शकतो. वाटीभर अमोनियाने तेवढा होणं अवघड आहे, पण ज्योत आणि कोंडलेला वायू एकत्र ठेवायची सवयच नको. आणि सकाळी दार उघडताना तोंड बाजूला.

ताज्या तेलावर मात्र नुसता अमोनिया म्हणजे वेळ घालवणं आहे. भांड्यांचा साबण जास्त चांगलं काम करतो. बाजारातल्या चांगल्या ग्लास क्लीनरमध्येही अमोनिया अगदी थोडा असतो, बरेचदा एक टक्क्याच्या आत, मुख्य काम अल्कोहोल, ग्लायकॉल इथर आणि थेंबभर सर्फॅक्टंट (साबणासारखा मळ उचलणारा पदार्थ) करतात, आणि हल्ली तर बिनअमोनियाचेही भरपूर मिळतात आणि चांगले चालतात.

काचेवर डाग का नाही राहत, याचं उत्तर एका ओळीत: कारण मागे राहायला काही नसतंच. पाणी उडतं, अमोनियाही उडतो. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक वापरलं तर पाणी उडाल्यावर त्यांचं मीठ काचेवर पांढरट उरतं. म्हणजे ज्या गुणामुळे नाकाला झोंबतो त्याच गुणामुळे काच स्वच्छ दिसते, एक हवं आणि दुसरं नको असं होत नाही. मात्र बाटलीतलं द्रावण ढगाळ किंवा फेस येणारं असेल तर त्यात साबण घातलेला आहे, तो काचेवर ओघळांचे पट्टे ठेवणार, काचेला साधा पारदर्शकच घ्या. आणि पाणी जड असेल तर त्यातले क्षार काचेवर राहणार, त्याचं खापर अमोनियावर फोडू नका.

आता पातळ केला की निर्धोक का. वर ७० लिटरचा आकडा दिला तो इथे लागतो. समजा साधारण ८ घनमीटरची बंद बाथरूम आहे आणि तिच्यात २०० मिली ५ टक्के अमोनिया सांडला. त्यात १० ग्रॅम अमोनिया, म्हणजे १४ लिटर वायू. सगळा उडाला तर हवेत १८०० पीपीएमच्या आसपास, म्हणजे दहा लाख भागांत अठराशे. सगळा काही एकदम उडत नाही, पण दहावा हिस्सा उडाला तरी १८० झाले. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या निऑश संस्थेने सुचवलेली मर्यादा कामाच्या दिवसाच्या (१० तासांपर्यंतच्या) सरासरीला २५ पीपीएम आणि १५ मिनिटांसाठी ३५ पीपीएम आहे, आणि ३०० पीपीएमला ती संस्था जिवाला तत्काळ धोका मानते. म्हणजे अर्धी बाटलीसुद्धा नाही, एक पेलाभर अमोनिया छोट्या बंद खोलीत किती होतो ते बघा. पाणी घातल्याने वायू सावकाश उडतो हे खरं आणि तो फायदा मोठा आहे, पण बादलीत तुम्ही जेवढे ग्रॅम ओतले तेवढे ग्रॅम आहेतच, शेवटी सुकताना ते हवेतच जाणार. म्हणून प्रश्न किती पट पातळ केलं हा नाही, एकूण किती ओतलं आणि खिडकी उघडी आहे का हा आहे. आणि गरम पाणी अजिबात नको. गरम पाण्यात वायू टिकत नाही, बादलीत पडल्या पडल्या वर येतो, तुमच्या नाकात जातो आणि फरशीला काही मिळत नाही. थंड पाणी. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात आणि मग म्हणतात की फार उग्र ब्रँड आहे.

वासावर किती भरवसा ठेवायचा, तर सुरुवातीला पुष्कळ. माणसाच्या नाकाला थोडा अमोनियाही कळतो, धोक्याच्या पातळीच्या बऱ्याच आधी. पण थोडा वेळ त्यात राहिलं की नाक सरावतं, म्हणून 'आता वास येत नाहीये' याचा अर्थ गेला असा नाही, बाहेर जाऊन परत आत या मग कळेल. अमोनिया हवेपेक्षा हलका, वर जातो, त्यामुळे वरची खिडकी किंवा एक्झॉस्ट जास्त उपयोगी. कापडी मास्कने काहीही होत नाही, ते धुळीसाठी.

ब्लीच. इथे मी थट्टा करणार नाही. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, आणि ते अमोनियाला भेटलं की अमोनियाचा एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवतं. झालं मोनोक्लोरामाइन. ब्लीच जास्त असेल तर दुसराही हायड्रोजन जातो, मग डायक्लोरामाइन, आणि तिसरा गेला तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड. बरेच लोक लिहितात की यातून क्लोरीन वायू निघतो, तसं नाही, क्लोरीन निघतो तो ब्लीचमध्ये अ‍ॅसिड टाकल्यावर, म्हणजे टॉयलेट क्लीनरसोबत. इथे निघतात ती क्लोरामाइनं, पण म्हणून हायसं वाटायचं कारण नाही, तीही उडतात, डोळे आणि घसा जाळतात, आणि फुप्फुसाच्या ओल्या पृष्ठभागावर फुटून तिथे अ‍ॅसिड आणि अमोनिया दोन्ही सोडतात. खोकला, छातीत आवळणं, श्वास अपुरा पडणं, आणि कधी कधी त्रास काही तासांनी वाढतो, तोपर्यंत माणूस म्हणतो मी बरा आहे. कोणी अशा वाफेत सापडलं तर आधी मोकळ्या हवेत न्या, बादली आवरायला आत थांबू नका, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर वाट न बघता डॉक्टरकडे.

यात फसवणूक अशी होते की कोणी मुद्दाम बाटलीत बाटली ओतत नाही. ब्लीचने फरशी पुसली, न धुता वरून ग्लास क्लीनर मारला. किंवा प्राण्यांनी मुतलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतलं, मुतात युरिया आणि अमोनिया असतोच. किंवा एकच स्प्रे बाटली न विसळता दोन्हीला वापरली. रसायन तेच घडतं, प्रमाण कमी. मग कोणीतरी विचारतंच की पिण्याच्या पाण्यात क्लोरामाइन घालतात ते कसं चालतं, तर हो, काही शहरांत पाणी शुद्ध ठेवायला मुद्दाम घालतात, पण अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. बादलीत ब्लीच आणि अमोनिया ओतल्यावर होतं ते त्याच्या शेकडो पट, आणि ते तुम्ही पीत नाही, थेट श्वासात घेता.

अ‍ॅसिडसोबत मिसळलं तर? विषारी काही नाही, पण मूर्खपणा आहे, दोघंही एकमेकांना मारतात. कडक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली जवळ उघडली तर दोन्ही वाफा हवेत भेटून पांढरा धूर होतो, तो धूर म्हणजे नवसागराचे बारीक कण. इंटरनेटवर फिरणारी ती प्रसिद्ध रेसिपी आहे ना, एक कप अमोनिया, अर्धा कप व्हिनेगर, पाव कप खाण्याचा सोडा आणि चार लिटर गरम पाणी, ती मला फॉर्म्युलेटर म्हणून बघवत नाही. हिशोब करा: अर्ध्या कप व्हिनेगरने अमोनियाचा साधारण सातवा हिस्सा मरतो, पण त्यातून जे अमोनियम तयार होतं ते नळ घट्ट आवळतं आणि पीएच ११.२वरून एकदम १०च्या आसपास येतो, वरून खाण्याचा सोडा त्याला आणखी खाली खेचतो, आणि जे उरलं ते गरम पाण्याने हवेत उडवलं. फेसही नीट येत नाही. तीन कामाच्या वस्तू घेऊन एक बिनकामाची केली. यात स्वच्छता होतेच, पण ती हाताच्या घासण्याने होते.

धातूंचं वेगळं प्रकरण आहे, आणि तेही पीएचने समजत नाही. अमोनियाच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते, ती तांब्याला धरून बसते, चार अमोनिया एका तांब्याच्या आयनभोवती, आणि गडद सुंदर निळा रंग येतो. म्हणून तांब्या-पितळेवरचा हिरवट काळा थर अमोनियाने पटकन निघतो, आणि लोक खूश होतात. पण हवेतला ऑक्सिजन आत येत राहिला तर थर संपल्यावर खालचा धातूही विरघळायला लागतो. पितळेचं तर आणखी वाईट, ठोकून किंवा ओढून बनवलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो, आणि ताण अधिक अमोनिया अधिक दमटपणा म्हणजे तडा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, तबेल्यांजवळ साठवलेली असायची आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया यायचा; १९२१ मध्ये कारण नीट मांडलं गेलं. त्यामुळे पितळेचे नळ, व्हॉल्व्ह, बिजागऱ्या यांना अमोनिया लावायचाच असेल तर पटकन लावा, लगेच धुवा, कोरडं करा. अ‍ॅल्युमिनियमवर नको, निस्तेज होतं. सोन्याचा मळ निघतो, पण मोती त्यात बुडवू नका. चांदीची संयुगं अमोनियात विरघळवून ते पाणी साठवून ठेवणं तर अजिबात नको, सुकल्यावर त्यातून स्फोटक गाळ बनू शकतो. आयोडीनच्या औषधासोबतही हेच.

तीच मोकळी जोडी एका ठिकाणी फार कामाची ठरते. चमकदार फरशीसाठी जी अ‍ॅक्रिलिक पॉलिश मारतात त्यातल्या बऱ्याच पॉलिशांमध्ये पॉलिमरच्या साखळ्या जस्ताने एकमेकींना बांधलेल्या असतात, साध्या साबणाने त्या सुटत नाहीत, आणि हेच हवं असतं. अमोनिया मात्र जस्ताला उचलतो, गाठी सुटतात आणि अख्खा थर मऊ होऊन निघून येतो. म्हणजे पॉलिश काढायची असेल तर याच्यासारखी वस्तू नाही, आणि टिकवायची असेल तर रोजच्या पुसण्याच्या पाण्यात अमोनिया घालणारा माणूस स्वतःच्याच फरशीचा शत्रू. अशीच गोष्ट पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची: हेल्मेटची काच, चष्म्याची काही भिंगं, पारदर्शक शीट, यावर बारीक भेगा पडतात. टीव्ही-लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा कोटिंगचा थर आणि गाडीच्या काचेची टिंट फिल्म, दोन्हींना दूर ठेवा.

काय होत नाही तेही सांगतो. नळावरचा, टाइल्सवरचा पांढरा क्षार अमोनियाने निघत नाही, त्याला अ‍ॅसिड लागतं, अमोनिया उलट्या बाजूचा आहे. आणि जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नका, काही जंतू मरतात, पण खात्री देण्याएवढे नाहीत. त्यासाठी ब्लीच वापरायचं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत.

डोळ्यांबद्दल मात्र नीट वाचा. अ‍ॅसिडने डोळ्यावर साका (गोठलेला थर) धरतो आणि तो थोडासा अडथळा होतो, अल्कली आत जात राहते, आणि अमोनिया अल्कलींमध्येही फार झपाट्याने आत जातो, कारण पुन्हा तोच न फुटलेला छोटा रेणू जो तेलाच्या थरात शिरत होता, तोच डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातही शिरतो. थेंब गेला तर विचार न करता नळाखाली पापणी उघडी धरून निदान १५ मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा, आणि मग डॉक्टर, बरं वाटलं तरी. व्हिनेगरने उदासीन करायला जाऊ नका.

बाटली थंड जागी, झाकण घट्ट. उन्हात राहिलेली बाटली उघडली तर आत कोंडलेला वायू थेट तोंडावर येतो, म्हणून आधी थंड होऊ द्या आणि झाकण हळूहळू, चेहऱ्यापासून लांब धरून फिरवा. बरेच महिने अर्धवट पडलेली बाटली कमजोर होते, लेबलवर ५ टक्के असले तरी आत तेवढे उरलेले नसतात, काच पुसायला तरी चालते. टाकायची असेल तर थोडी थोडी, भरपूर थंड पाण्याबरोबर मोरीत सोडा, फक्त त्या मोरीत नुकतंच ब्लीच ओतलेलं नाही ना ते आधी विचारा.